आधी बाटलीची पाठ वाच

वाचकाचं पत्र (संक्षिप्त): ताई, मी ठाण्याला राहते, वय ३४. नोकरी मुंबईत, रोज लोकलचा प्रवास. नाक-कपाळ तेलकट, गाल मात्र ओढल्यासारखे कोरडे. पाळीच्या आधी हनुवटीवर पुटकुळ्या येतात. दुसऱ्या बाळंतपणानंतर गालांवर वांग आले, दोन वर्षं झाली तरी जात नाहीत. सध्या माझ्याकडे चेहऱ्याला लावायची तीन तेलं जमलीत. नणंदेनं दिवाळीला कुमकुमादी दिलं, ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून मी रोझहिपचं घेतलं आणि बदाम तेलाची मोठी बाटली घरात आहेच. आई म्हणते, हे सगळं बाजूला ठेव आणि खोबरेल लाव. तिन्ही बाटल्यांवरच्या घटकांच्या याद्या उतरवून पाठवतेय. नेटवर प्रत्येक तेलाला शून्य ते पाच असे आकडे दिलेत, तेही जागोजागी वेगळे. एकीनं सांगितलं, बावचीचं तेल लाव, ते नैसर्गिक रेटिनॉल आहे. सगळी झाडापासूनच आलेली तेलं, मग अपाय तर होणार नाही ना? यातलं नेमकं कोणतं लावू? आणि वांग जातील का?

प्रिय मैत्रिणी,

तिन्ही याद्या तू वहीच्या पानावर अक्षर न् अक्षर उतरवून पाठवल्यास, अगदी कंसातल्या आकड्यांसकट. त्यामुळे मला अंदाजपंचे काही सांगावं लागणार नाही. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि बरीच वर्षं सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काढली. तेलं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. पत्र म्हणूनच जरा लांबेल.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यावर तुझी आशा लागलीय. यातल्या कुठल्याही तेलानं वांग जाणार नाहीत. वांग म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींनी जास्तीचं तयार केलेलं रंगद्रव्य. गरोदरपणातल्या हार्मोन्सनी ते सुरू होतं आणि उन्हानं टिकून राहतं. सूर्याच्या अतिनील किरणांबरोबरच डोळ्यांना दिसणारा उजेडही ते गडद करतो, म्हणून तुला रोज सकाळी सनस्क्रीन हवं, आणि शक्यतो त्वचेच्या रंगाची छटा असलेलं. त्या छटेसाठी वापरलेलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेड अडवतं, साधं पांढरं सनस्क्रीन ते काम तितकंसं करत नाही. औषधाचं मलम लागेल की नाही हे त्वचारोगतज्ज्ञ बघून ठरवतील. गाजराच्या बियांचं किंवा रास्पबेरीच्या बियांचं तेल हेच सनस्क्रीन, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. कुठलंही वनस्पती तेल सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही.

मग तेलाचा उपयोग काय? तुझे गाल ओढल्यासारखे होतात ना, तिथे आहे. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडून जाऊ देत नाही आणि वरचा थर मऊ ठेवतं. एवढंच काम, पण कोरड्या गालांना ते मोलाचं वाटतं. ही अपेक्षा मनात ठेवून आता बाटल्या बघू.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहावी लागते. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेलं सगळं उतरत्या क्रमानं, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेलं त्यांच्यानंतर, कुठल्याही क्रमानं. म्हणजे यादीतली पहिली दोन-तीन नावं म्हणजेच जवळजवळ अख्खी बाटली. दर्शनी बाजूला फूल कुठलं छापलंय, याला अर्थ नाही. मी दुकानात बाटली हातात घेतली की आधी तिची पाठ वाचते, आणि तुलाही हीच सवय लागावी असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या बदाम तेलाचं बघ. पहिलं नाव 'लाइट लिक्विड पॅराफिन'. ते पेट्रोलियमपासून शुद्ध केलेलं खनिज तेल. मग एक साधं वनस्पती तेल, तिसऱ्या क्रमांकावर 'प्रूनस अमिग्डॅलस डल्सिस', म्हणजे बदाम. पुढे सुगंध, टीबीएचक्यू नावाचा खवटपणा रोखणारा पदार्थ आणि पिवळा रंग, 'सी.आय. ४७०००'. हे मुळात केसांचं तेल आहे, बाटलीवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असेल. खनिज तेल विषारी असतं, रंध्रं बुजवतं, अशी भीती घालतात, त्यात तथ्य नाही. प्रसाधनांसाठी शुद्ध केलेलं खनिज तेल त्वचेला फार सोसतं, डॉक्टर कोरड्या त्वचेला ते सुचवतातही. माझी तक्रार वेगळी आहे. तू बदामाचे म्हणून पैसे मोजलेस आणि बदाम तिसऱ्या नंबरवर आहे. शिवाय सुगंध आणि रंग चेहऱ्यावर कशाला? ती बाटली केसांसाठीच राहू दे.

आता रोझहिप, म्हणजे रानगुलाबाच्या फळाचं तेल. इथे जरा थांबू, कारण ही यादी वाचायला शिकलीस तर बाजारातल्या बहुतेक बाटल्या वाचता येतील.

तू लिहिलंस: हेलिअँथस ॲन्युअस सीड ऑइल, प्रूनस अमिग्डॅलस डल्सिस ऑइल, रोझा कॅनिना फ्रूट ऑइल, टोकोफेरॉल, सिट्रस लिमॉन पील ऑइल, लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया ऑइल, लिमोनीन, लिनालूल. आणि खाली तुझा प्रश्न, 'शेवटची दोन केमिकल्स कशाला घातली?'

ती घातलेली नाहीत. लिमोनीन लिंबाच्या सालीच्या तेलात मुळातच असतं आणि लिनालूल लॅव्हेंडरमध्ये. युरोपात सुगंधातल्या ज्या घटकांची ॲलर्जी येते ते नावानिशी छापायला लावतात. आधी अशी २६ नावं होती, २०२३ साली ही यादी ऐंशीच्या पुढे गेली. तिथल्या पद्धतीनं लेबल करणाऱ्या कंपन्या ती नावं इथेही छापतात. म्हणजे ज्या नावांनी तू दचकलीस ती पूर्णपणे 'नैसर्गिक' आहेत, आणि तरीही तुझं दचकणं बरोबर होतं. लिमोनीन आणि लिनालूल हवेच्या संपर्कात येऊन बदलतात, आणि बदलल्यावर त्यांची ॲलर्जी येण्याची शक्यता वाढते. बाटली जितकी जुनी, तितका धोका जास्त. लिंबाच्या सालीचं तेल दाबून काढलेलं असेल तर त्यात आणखी एक खोड असते. ते लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. ऊर्ध्वपातनानं काढलेल्या तेलात ही खोड नसते, पण लेबलवर दोघांचं नाव एकच. गालांवर आधीच वांग असलेल्या बाईनं ही जोखीम का घ्यावी?

झाडापासून आलंय म्हणजे अपाय नाही, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. बिब्बाही झाडाचाच असतो, आणि तो उतला की काय होतं ते आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं.

या यादीत एक चांगली गोष्टही आहे. पहिलं नाव सूर्यफुलाचं आहे. लोक सूर्यफुलाला 'स्वस्तातलं भर घालायचं तेल' म्हणून नाकं मुरडतात. मला मात्र यादीतला तोच भाग सर्वात आवडला. कारण सांगते.

वनस्पती तेल म्हणजे मुख्यतः मेदाम्लं. चेहऱ्याच्या तेलांची तुलना करताना त्यातली दोनच नावं लक्षात ठेव, ओलेइक आणि लिनोलेइक. ओलेइक जास्त असलेली तेलं जाड, रेंगाळणारी, मऊ वाटणारी. ऑलिव्हमध्ये ते सत्तर टक्क्यांच्या आसपास, बदामातही साठ-सत्तर. लिनोलेइक जास्त असलेली तेलं हलकी, लवकर जिरल्यासारखी वाटणारी. नेहमीच्या करडईत ते सत्तर-पंचाहत्तर टक्के, सूर्यफुलात पन्नास ते सत्तर. तिळात दोन्ही साधारण सारखी, चाळीस-चाळीस टक्के. रोझहिपमध्ये लिनोलेइक चाळीस-पन्नास टक्के, आणि शिवाय जवसात असतं ते अल्फा-लिनोलेनिक तीसेक टक्के.

हे आकडे त्वचेवर जाणवतात. २०१३ साली ब्रिटनमधल्या शेफिल्डच्या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह आणि सूर्यफूल तेल लावून बघितलं. ऑलिव्हनं त्वचेचा वरचा थर कमकुवत केला, सौम्य लाली आणली. सूर्यफुलानं तो थर टिकवला. लोक थोडे होते, पण निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळणारा आहे. आणखी एक गोष्ट, मुरुमं असणाऱ्यांच्या त्वचेच्या स्वतःच्या तेलात लिनोलेइक कमी आढळलेलं आहे. म्हणून तुझ्यासारख्या, म्हणजे कोरडे गाल आणि हनुवटीवर पुटकुळ्या अशा चेहऱ्याला मी ऑलिव्ह, बदाम, मारुला यांच्यापेक्षा करडई-सूर्यफुलाकडे वळवते.

करडई म्हटल्यावर मला राहवत नाही. सोलापूर-मराठवाड्याकडच्या रब्बीत हे काटेरी पीक पिढ्यान्‌पिढ्या आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं त्यावर किती वर्षं खपून काम केलं, 'नारी-६' हे बिनकाट्याचं वाण तिथलंच. परदेशी बाटल्यांवर 'कार्थेमस टिंक्टोरियस' असं भारदस्त नाव वाचून आपण ते महागात घेतो, आणि ती असते आपली करडई. फक्त एक खबरदारी घे. करडई आणि सूर्यफूल दोन्हींची ओलेइक जास्त असलेली वाणंही आता निघाली आहेत, आणि लेबलवर बरेचदा नाव तेच असतं. कंपनीला विचारायला लाजू नकोस. चांगली कंपनी उत्तर देते.

रोझहिपबद्दल माझं स्वतःचं एक दुखणं सांगते. एकदा मी शुद्ध रोझहिपची बाटली घेतली, भारी किमतीची. न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली. एप्रिल महिना, पुण्याचं ऊन. महिन्याभरात तिला एक वास येऊ लागला, जुन्या शेंगदाण्याच्या डब्याचं झाकण उघडल्यावर येतो तसा खवट. मला कळत होतं. प्रयोगशाळेत हेच तर माझं काम होतं, ४५ अंशांच्या कपाटात तेलं ठेवायची, दर आठवड्याला वास घ्यायचा, तेल किती खवटलंय हे सांगणारं पेरॉक्साइड मोजायचं. तरी महाग तेल टाकवेना, म्हणून लावत राहिले. पंधरा दिवसांत दोन्ही गाल लाल, तोंड धुताना पाणीसुद्धा झोंबायचं. बरं व्हायला महिना गेला. कढईच्या बाहेरच्या अंगाला जो पिवळा चिकट थर बसतो, घासून निघत नाही, तो आठव. हवा आणि उष्णता लागून तेलाचं तसं होत जातं, आणि जवसाच्या जातीची तेलं त्यात सर्वात पुढे असतात. रोझहिप त्याच जातीचं. म्हणून घेतलंच तर गडद काचेची छोटी बाटली घे, फ्रीजमध्ये ठेव, उघडल्याची तारीख तिच्यावर पेननं लिही. तुझ्या यादीतलं टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, हा खवटपणा लांबवण्यासाठीच आहे. सुरकुत्या घालवण्यासाठी घातलंय असं समजू नकोस.

नणंदेच्या कुमकुमादीकडे येऊ. इथे यादी वाचायची रीतच वेगळी, आणि बरेच जण इथेच फसतात. हे तेल आयुर्वेदिक औषध म्हणून परवान्यावर विकलं जातं, म्हणून लेबलवर 'प्रत्येक १० मिलिमध्ये' असं म्हणून एकेक वनस्पती मिलिग्रॅममध्ये दिलेली असते. तुझ्या बाटलीवर पहिलं नाव केशर, १० मिग्रॅ. मग चंदन, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, वाळा आणि इतर. आणि अगदी तळाला 'तिल तैल, क्यू. एस.'. हे 'क्यू. एस.' म्हणजे 'लागेल तितकं'. बाटलीतलं जवळजवळ सगळं तेच, आणि ते सगळ्यात शेवटी लिहिलेलं!

हिशेब करून बघ. १० मिलि तेलाचं वजन साधारण सव्वानऊ ग्रॅम. त्यात केशर १० मिलिग्रॅम, म्हणजे हजारात एक भाग. तेही काड्या तेलात शिजवून गाळून घेतात, सगळा अर्क तेलात उतरत नाही. केशराला पिवळाधमक रंग देणारं क्रोसिन तर पाण्यात विरघळणारं आहे. दुधात केशर खुलतं तसं ते फोडणीत खुलत नाही, हे तू स्वयंपाकघरात बघितलंच असशील. तेव्हा तेल गडद लाल आहे म्हणून केशर जास्त, असं समजू नकोस. तो रंग रतनजोतीसारख्या मुळांनीही येतो.

याचा अर्थ कुमकुमादी खोटं आहे असा मुळीच नाही. अष्टांगहृदयातला तो जुना पाठ आहे, तिळाच्या तेलात, शेळीच्या दुधासह सिद्ध करायचा. तिळाचं तेल त्वचेला चांगलं आहे, त्यातले स्वतःचे घटकच त्याला खवट होण्यापासून बरंच वाचवतात. पण जुन्या पाठाप्रमाणे केलेलं आणि नुसतं 'कुमकुमादी' नाव दिलेलं यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारच्या बाटल्यांत आधाराला बदाम, सूर्यफूल किंवा खनिज तेलही असतं, वर गुलाबाचा सुगंध. तुझ्या बाटलीत सुगंध नाही, तीळ आहे, दुधाचा उल्लेख आहे. बाटली चांगली आहे. ठाण्याच्या दमट हवेत तुझ्या नाक-हनुवटीला ते जड होईल, इतकंच. थंडीत, रात्री, फक्त गालांवर, एक-दोन थेंब, असं चालेल. नणंदेला सांग की आवडलं, ते खोटं होणार नाही.

जाता जाता आणखी एक. लेबलवर 'कोरफड तेल', 'हायलुरोनिक ॲसिडयुक्त तेल' दिसलं तर पैसे जपून ठेव. कोरफडीचा गर पाण्याचा, तो तेलात विरघळत नाही. कोरफड तेल म्हणजे दुसरंच कुठलं तरी तेल, ज्यात कोरफड भिजवून काढलेली असते. हायलुरोनिक ॲसिडही पाण्यात विरघळणारं. क जीवनसत्त्वाचं साधं रूपही तसंच, तेलात चालणारी त्याची रूपं वेगळी असतात, त्यातल्या एकाचं नाव लांबलचक, 'टेट्राहेक्सिलडेसिल ॲस्कॉर्बेट'. असं एखादं नाव यादीत नसेल तर त्या तेलात क जीवनसत्त्व असल्याचा दावा धरून चालू नकोस.

शून्य ते पाच आकड्यांबद्दल. ती रंध्रं बुजवण्याची मोजपट्टी आहे, आणि तिचं मूळ सशांच्या कानावरच्या चाचण्यांत आहे. १९७२ साली क्लिगमन आणि मिल्स या अमेरिकी संशोधकांनी प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांवर लिहिलं तेव्हापासून अशा चाचण्यांचा बोलबाला झाला. सशाच्या कानाची त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर बिघडते. शिवाय एकटं शुद्ध तेल लावणं वेगळं आणि क्रीममध्ये दोन टक्के असणं वेगळं. म्हणून याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. तू त्या आकड्यांवर रात्री जागवू नकोस. तुझ्या हनुवटीवर महिनाभरात काय झालं, ती मोजपट्टी जास्त खरी.

पण एक खूण जरूर बघ. तेल लावायला लागल्यावर कपाळावर, केसांच्या कडेला, एकसारख्या बारीक खाजऱ्या पुटकुळ्या उठल्या, घामोळ्यासारख्या, तर ती मुरुमं नसण्याची शक्यता मोठी. त्वचेवर राहणारी मॅलेसेझिया नावाची बुरशी आपल्या तेलांतल्या मेदाम्लांवरच जगते, आणि मुंबई-कोकणच्या घामट हवेत ती फोफावते. तेव्हा तेल बंद कर आणि डॉक्टरांना दाखव. ती बुरशीनाशकानं जाते, मुरुमांच्या औषधानं नाही.

आता बावची. इथे मी तुला हात जोडून सांगते, ते तेल चेहऱ्याला लावू नकोस. रेटिनॉल म्हणजे सुरकुत्यांवर वापरतात ते अ जीवनसत्त्वाचं रूप. 'नैसर्गिक रेटिनॉल' म्हणून जे गाजतंय ते बाकुचिऑल, बावचीच्या बियांतून वेगळं काढून शुद्ध केलेला एकच घटक. २०१९ साली ४४ लोकांवर १२ आठवडे त्याची रेटिनॉलशी तुलना झाली, दोन्ही अर्धा टक्का. सुरकुत्या आणि डागांवर परिणाम जवळपास सारखा आला, आणि सालपटं निघणं, आग होणं बाकुचिऑलनं रेटिनॉलपेक्षा कमी झालं. हे खरं. पण बावचीचं तेल ही वेगळी गोष्ट आहे. बावचीत सोरालेन असतात, त्वचेला उन्हासाठी हळवं करणारे. कोडावर बावची वापरतात ती याच गुणासाठी, मोजून, वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी रात्री लावून सकाळी आठच्या लोकलला उन्हात उभी राहिलीस तर चेहऱ्यावर फोड येऊ शकतात, आणि ते बरे होताना मागे काळे डाग ठेवतात. वांग घालवायला निघालेल्या बाईच्या वाट्याला हे यावं, याहून वाईट काय! जिनं सुचवलं तिलाही हे नक्की सांग, तिनं चांगल्या मनानंच सांगितलं असणार.

मग लावायचं काय? तुझ्यासाठी मी एकाच घटकाचं तेल निवडेन. यादीत एकच नाव, फार तर सोबत टोकोफेरॉल. सुगंध नाही, लिंबू-लॅव्हेंडर नाही. पहिली पसंती स्क्वालेन. ते ऊस किंवा ऑलिव्हपासून करतात. आपल्या त्वचेच्या तेलात बाराएक टक्के असतो तो स्क्वालीन याचाच भाऊबंद, पण त्वचेतला लवकर खराब होतो आणि हा होत नाही, त्यामुळे खवटपणाची चिंता नाही. वर म्हटलेली ती बुरशीही यावर पोसत नाही. पूर्वी हे शार्कच्या यकृतातून काढायचे, अजूनही काही ठिकाणी काढतात, म्हणून बाटलीवर मूळ कुठलं ते वाच. दुसरी पसंती करडई किंवा सूर्यफूल, प्रसाधनांसाठी शुद्ध केलेलं. घाण्यावरचं ताजं करडई तेलही वाईट नाही, फक्त पन्नास-शंभर मिलि घे, गाळ खाली बसू दे, फ्रीजमध्ये ठेव आणि दोन-तीन महिन्यांत संपव. 'शुद्ध केलेलं' या शब्दाला घाबरू नकोस. खाण्यात घाण्याचं तेल चवीला चांगलं, पण त्वचेवर वास आणि मोकळी आम्लं कमी असलेलं तेल जास्त सोसतं.

जोजोबाही चालेल. ते खरं तर तेल नाही, द्रवरूप मेण आहे, आणि टिकायला फार चांगलं. 'हुबेहूब आपल्या त्वचेच्या तेलासारखं' असं त्याचं वर्णन करतात, ते अर्धंच खरं. त्वचेच्या तेलात अशी मेणं पाव हिश्शाच्या आसपास असतात, जोजोबा जवळपास सगळंच मेण.

आधी सात दिवस कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, सकाळ-संध्याकाळ थेंबभर लाव. एका दिवसाची चाचणी पुरत नाही, ॲलर्जी उशिरा उमटते. काही झालं नाही तर रात्री चेहरा धुऊन, पुसून कोरडा ठक्क न करता, ओलसर गालांवर साधं मॉइश्चरायझर आणि त्यावर दोन थेंब तळव्यांत चोळून दाब. नाक, कपाळ, हनुवटी सोड. सकाळी तेल नको, सनस्क्रीनचा थर त्यानं विस्कटतो. ड्रॉपर चेहऱ्याला टेकवू नकोस, आणि बाटलीत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नकोस. नुसत्या तेलात जंतू वाढत नाहीत, पाणी गेलं की वाढतात. हे मी नागपूरच्या कुणाला लिहीत असते तर डिसेंबरात चार थेंब सांगितले असते. तुला ठाण्यात दोन पुरे, आणि मे महिन्यात एकही लागणार नाही असं होईल. तसं झालं तर बिनधास्त बंद ठेव.

राहिली आईची गोष्ट. तिचं खोबरेल वाया घालवू नकोस. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड असतं. फिलिपिन्समध्ये २०१४ साली एक्झिमा असलेल्या मुलांवर चाचणी झाली, तेव्हा 'व्हर्जिन', म्हणजे रिफाइन न केलेल्या खोबरेलानं खनिज तेलापेक्षा जास्त आराम दिला होता. म्हणजे आई कोरड्या त्वचेबद्दल चुकीचं बोलत नाहीये. फक्त पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्याला ते मानवत नाही, बहुतेकांची तक्रार येते. भांडी घासून झाल्यावर हातांना लाव, रात्री टाचांना लाव, मुलांच्या अंगाला आंघोळीनंतर लाव. आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे वांग दाखवायला जाशील तेव्हा या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून घेऊन जा, नुसती नावं सांगू नकोस. त्यांनाही बाटलीची पाठच बघायची असते.

तुझी,
ताई